यंत्र सरकारचे, दुरुस्ती कोणाची?

दारव्ह्याच्या बाजारात दुकान थाटलेल्या व्यापाऱ्याला किंवा कारागिराला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. यंत्र घ्यायचे ठरले की तो आधी किंमत विचारतो आणि लगेच दुसरा प्रश्न करतो : बिघडले तर मिस्त्री कुठला आणि सुटा भाग यवतमाळात मिळेल की नागपूर गाठावे लागेल? पिंजारी बांधवांनी हातातली धुनकी ठेवून कापूस पिंजण्याचे यंत्र घेतले तेव्हा त्यांनी हाच हिशेब केला. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, वेल्डिंगचा संच, झेरॉक्स मशीन यांचा हिशेबही असाच असतो. ज्या यंत्राला जवळपास मिस्त्री नाही ते स्वस्तात मिळाले तरी शेवटी महागच पडते.

दुकानदाराला कळणारा हा हिशेब देशाच्या शैक्षणिक धोरणात मात्र चाळीस वर्षांनंतरही नीट बसलेला नाही. शाळेत तंत्रज्ञान आणण्याच्या योजना एकामागून एक आल्या. प्रत्येक योजनेत खरेदीचा आकडा मोठा होता, उद्घाटनाचा फोटोही मोठा होता. यंत्र चालते ठेवणाऱ्या माणसाचा विचार मात्र शेवटी झाला किंवा झालाच नाही. हा माणूस आमच्याच समाजात, आमच्याच मोहल्ल्यात बसलेला आहे. म्हणून व्यापाराच्या या पानावर शिक्षणाचा विषय घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

चाळीस वर्षांचा ताळेबंद

आधी इतिहास पाहू. १९७५-७६ या एका वर्षात उपग्रहाच्या मदतीने दूरदर्शनवरून खेड्यांना शिकवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यात होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. या प्रयोगातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खेड्यात ठेवलेले संच बंद पडू नयेत म्हणून इस्रोने दुरुस्तीची स्वतंत्र व्यवस्था उभी केली होती. म्हणजे सुरुवात बरोबर झाली होती.

पुढे १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प निघाला आणि बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक शाळांत आले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संगणकाला जागा दिली. डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना आली, २०१० मध्ये ती सुधारली, २०१२ मध्ये शालेय शिक्षणातील माहिती तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर तंत्रज्ञानावर दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत.

कागद कमी पडला असे कोणी म्हणू शकणार नाही. आता पैशाचा कागद पाहू. समग्र शिक्षा अभियानात एका शाळेच्या संगणक प्रयोगशाळेसाठी एकदाच ६ लाख ४० हजार रुपये आणि चालू खर्चासाठी वर्षाला २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत अशी तरतूद ठरली. चालू खर्च पाच वर्षांसाठी. पाच वर्षांचे १२ लाख होतात, म्हणजे खरेदीच्या जवळजवळ दुप्पट. प्रथमदर्शनी हा हिशेब व्यापाऱ्यालाही पटावा असा आहे. पण सहाव्या वर्षाचे काय? नेमक्या त्याच वर्षापासून यंत्र बिघडायला लागते, बॅटऱ्या जातात, छपाईयंत्र अडते, आणि नेमके तेव्हा खाते बंद होते.

महाराष्ट्रात यापूर्वीच्या योजनेत शाळांचे संगणक आणि निदेशक पाच वर्षांच्या कराराने खासगी कंपन्यांमार्फत दिले गेले. करार संपला, संगणक शाळेच्या नावे झाले आणि निदेशक घरी बसले. आपली नोकरी टिकावी म्हणून या तरुणांनी आंदोलने केली. खोली राहिली, टेबले राहिली, शिकवणारा गेला. ज्या शाळेत एखाद्या शिक्षकाने हौसेने हात काळे करून यंत्रे जिवंत ठेवली तेथे ती चालली. इतर ठिकाणी खोलीला कुलूप लागले.

लहान शाळेची स्थिती आणखी अवघड आहे. तीसहून अधिक आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त अनुदान ठरले. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरले २२,५००, म्हणजे महिन्याला १,८७५ रुपये. यात खडू, पाणी, किरकोळ दुरुस्ती, वीज आणि इंटरनेट. दारव्ह्यातला एखादा चहावालाही एवढ्यात महिन्याचा गॅस आणि वीज भागवू शकणार नाही. मग बिल थकते, वीज कापली जाते आणि देणगीतून आलेला टीव्ही भिंतीवर शोभेला राहतो. जिल्हा परिषद शाळांची वीज थकबाकीपायी तोडल्याच्या बातम्या राज्यभरातून वारंवार आल्या आहेत.

आपल्याच रुळांवरचा धडा

यंत्र आणि देखभाल यांचे नाते दारव्ह्याच्या माणसाला पुस्तकातून वाचावे लागत नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज रेल्वे, आपली ‘शकुंतला’, वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी आली. दारव्हा मोतीबाग हे तिचे स्थानक. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. सत्तर वर्षे एक इंजिन चालले, कारण ते उघडून, घासून, भाग बदलून पुन्हा जोडणारे हात होते. पुढे डिझेल इंजिन आले, म्हणजे यंत्र नवे झाले. पण रुळांची निगा राखली गेली नाही आणि शेवटी गाडीच थांबली.

शाळेतल्या संगणकाचे हेच झाले. फरक एवढाच की त्याला सत्तर वर्षे लागली नाहीत.

फोन घरात आला, शिक्षण आले का?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि सारे शिक्षण मोबाईलवर गेले असे सांगण्यात आले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागात शंभरातल्या साडेचार घरांतही संगणक नव्हता. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. वाढ मोठी खरी. पण तेव्हाही शंभरातली अडतीस मुले बाहेरच राहिली. कारागिराच्या घरात तर एकच फोन असतो आणि तो सकाळी बापाच्या खिशातून कामावर जातो. गिऱ्हाईकाचा फोन त्यावरच यायचा असतो. वर्ग सकाळी दहाला आणि फोन घरी येणार रात्री आठला, हा अनुभव किती घरांत आला ते वाचकांना सांगायला नको.

आता ती टंचाई बरीच हटली आहे. २०२४ च्या ‘असर’ अहवालाप्रमाणे ग्रामीण भागात १४ ते १६ वयाच्या जवळपास नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. याचा अर्थ सरळ आहे. वस्तू घरात पोहोचली. ती कशासाठी धरावी हे दाखवणारा माणूस पोहोचला नाही.

ही पोकळी बाजाराने हेरली. घरोघरी प्रतिनिधी आले, हप्त्यांवर टॅब्लेट आणि अभ्यासक्रम विकले गेले. शिक्षणाच्या या बाजारातली तेव्हाची सर्वांत मोठी कंपनी बायजूज. २०२२ मध्ये तिचे मूल्य २२ अब्ज डॉलर मानले जात होते, जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पालकांना कर्ज काढायला लावून अभ्यासक्रम विकल्याच्या तक्रारींवरून डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने कंपनीच्या प्रमुखांना बोलावले होते. व्यापार करणाऱ्या माणसाने तरी यातून बोध घ्यावा. ज्या मालाची दुकानात बसून विक्रीनंतरची हमी आपण गिऱ्हाईकाला देतो, तशी हमी मुलाच्या शिक्षणाबाबत कोणी अॅप देत नाही.

सरकारही या मोहातून सुटले नाही. २००६ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही परदेशी योजना आली तेव्हा केंद्राच्या शिक्षण खात्याने ती नाकारली. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, असे कारण दिले. ते कारण योग्यच होते. त्या योजनेचा एक छोटा प्रयोग २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खैराट या वाडीच्या शाळेत झाला. पण पाच वर्षे लोटली आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी त्याच खात्याने ‘आकाश’ हा स्वस्त टॅब्लेट वाजतगाजत आणला. आज तो कोणाच्या हातात दिसतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

जेथे जमले तेथे कसे जमले?

सगळेच फसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला. छापील चौकोन फोनने टिपला की धड्याची ध्वनिफीत, चित्रफीत समोर. पुढे ही पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. यात काय विशेष आहे? फोन बिघडला, रेंज गेली, तरी पुस्तक पुस्तकच राहते आणि मुलाचा अभ्यास अडत नाही. ज्याला रोज वर्गात उभे राहायचे आहे त्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, म्हणून ती टिकली.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथल्या शालेय अभ्यासक्रमात मुले वेल्डिंग करतात, विजेची जोडणी करतात, शेती आणि आरोग्याची कामे करतात; गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा देता देता विज्ञान शिकतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची ‘फॅब लॅब’ तेथे उभी राहिली. ज्या मुलाने हाताने पत्रा कापला आहे त्याच्यासाठी संगणकाने कापणारे यंत्र जादू राहत नाही, ते एक अवजार होते.

हा विचार आपल्याला परका नाही. यवतमाळला लागून असलेल्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. मातृभाषेतून आणि हस्तव्यवसायाभोवती गुंफलेले शिक्षण कसे असावे याचा आराखडा करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. इल्म आणि हुनर एका छपराखाली आणण्याचा तो प्रयत्न होता. देशाने तो फार काळ मनावर घेतला नाही.

२०२० च्या धोरणात त्याचा पुसट आवाज पुन्हा ऐकू येतो. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कसबी माणसांबरोबर काम शिकावे, असे त्यात लिहिले आहे. २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, हेही त्यात होते. दहा दिवसांच्या या उपक्रमाच्या मार्गदर्शक सूचना जुलै २०२४ मध्ये निघाल्या.

येथे एक धोका आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. कारागिराच्या मुलाला लवकर कामाला लावायला हे निमित्त होऊ नये. गॅरेजवर, फर्निचरच्या कारखान्यात, टेलरच्या दुकानात शाळा सोडून आलेली मुले आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. २०१६ मध्ये बालकामगार कायदा बदलला तेव्हा शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मुलांनी मदत करायची वाट मोकळी ठेवली गेली. मदत कधी संपते आणि मजुरी कधी सुरू होते, हे बापालाही कळत नाही. म्हणून दहा दिवसांचे हे शिक्षण डॉक्टरच्या, वकिलाच्या, मास्तरच्या मुलालाही तेवढेच सक्तीचे असले पाहिजे आणि मिस्त्रीच्या मुलाला बीजगणित व इंग्रजी तेवढेच पक्के मिळाले पाहिजे. हुनर खालच्याला आणि संगणक वरच्याला, अशी वाटणी आम्हाला मान्य नाही.

सरकारने काय करावे

पहिली गोष्ट, चालू खर्चावरची पाच वर्षांची मर्यादा उठवावी. यंत्र जोवर शाळेत आहे तोवर त्याच्या देखभालीचा पैसा चालू राहिला पाहिजे. नवी खरेदी थोडी कमी झाली तरी चालेल.

दुसरी, दुरुस्ती तालुक्यात व्हावी. खरेदी वरून एकगठ्ठा होते, दुरुस्तीचा करार दूरच्या शहरातल्या कंपनीशी असतो आणि गावातल्या कारागिराने झाकण उघडले तर वॉरंटी जाते. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, मोबाईल, टॅब्लेट, घरगुती उपकरणे, वाहने, शेतीची यंत्रे यांचा त्यात विचार झाला. जो हक्क ग्राहकाला द्यायचा तो शाळेलाही द्यावा. दारव्हा, दिग्रस, नेर, पुसद येथे मोबाईल आणि संगणक दुरुस्त करणारी होतकरू मुले आहेत. त्यांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देऊन तालुक्याच्या शाळांचे काम दिले तर शाळाही चालेल आणि रोजगारही मिळेल.

तिसरी, कारागिराला मान द्यायचा तर मानधनही द्यावे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात सुतार, लोहार, शिंपी आहेत. पण इलेक्ट्रिशियन, मोटार मेकॅनिक, मोबाईल दुरुस्त करणारा नाही. शिक्षण खात्याने तरी ही चूक करू नये. मुलांना दहा दिवस शिकवणाऱ्या मिस्त्रीचा रोज बुडतो, तो भरून निघाला पाहिजे.

चौथी, उर्दू माध्यमाच्या मुलांना डिजिटल साहित्य त्यांच्या भाषेत आणि इतरांबरोबर त्याच वेळी मिळावे. बालभारती पाठ्यपुस्तके उर्दूत काढते. मग पुस्तकातल्या कोडामागचा धडाही त्याच तोडीचा असायला हवा.

आणि आपण काय करावे

सरकारकडे मागणी करून आपले काम संपत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठरवून दिली आहे. त्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा ही समिती तयार करते, अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवते. अल्पसंख्याक आणि अनुदानित संस्थांत तिची भूमिका सल्ल्यापुरती आहे, तरी सल्ला देण्यापासून कोणी अडवलेले नाही. आपले किती बांधव या समितीच्या सभेला जातात? दुकान सोडवत नाही हे खरे, पण दोन महिन्यांतून दोन तास सोडता येतात. घरातल्या भगिनींनाही पाठवा. जागा त्यांच्यासाठी राखलेल्या आहेत.

सभेत गेल्यावर मोठी भाषणे नकोत. व्यापाऱ्याला शोभतील असे साधे प्रश्न विचारा. शाळेत किती यंत्रे आहेत? त्यांतली आज किती चालतात? बंद असलेली कधीपासून बंद आहेत? वीजबिल किती थकले आहे? संगणक शिकवणारे कोण आहे? उत्तरे एका वहीत लिहून घ्या आणि पुढच्या सभेत तीच वही उघडा. दुकानात जसा आपण स्टॉक मोजतो तसा शाळेचाही मोजला गेला पाहिजे.

इलेक्ट्रिशियन, वेल्डर, संगणक दुरुस्त करणारे यांनी आपल्या जवळची एक शाळा निवडावी आणि महिन्यातून एक फेरी मारावी. सुटा भाग लागला तर बाजारपेठेतल्या चार दुकानदारांनी मिळून द्यावा. हे दान समजू नये. उद्या याच शाळेतून आपल्या दुकानाचा हिशेब संगणकावर ठेवणारा मुलगा किंवा मुलगी यायची आहे. मात्र आपण हात लावला म्हणून सरकारची जबाबदारी संपली असे होऊ देऊ नये. प्रत्येक दुरुस्तीची पावती समितीच्या वहीत चिकटवावी, म्हणजे सरकारने किती द्यायला हवे होते आणि गावाने किती भरले हे कागदावर राहील. पुढच्या वर्षीचा आराखडा करताना हाच कागद पुढे ठेवता येईल.

शाळेचे नवे वर्ष जूनअखेर सुरू होते. त्याआधी आपल्या शाळेच्या समितीची सभा कधी आहे एवढे तरी प्रत्येक वाचकाने विचारून यावे.